‘पुट वुड इन टॉइल’: यॉर्कशायरची इंग्रजी कानात कशी बसवायची

जानेवारीतली सकाळ होती. बर्फ नव्हता, पण हाडात शिरणारा ओला वारा होता. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या दक्षिण भागात, एका जुन्या खाणवस्तीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना व्यायाम शिकवायला मी गेले होते. वय ऐंशीच्या पुढं, सगळी हयात कोळशाच्या खाणीत गेलेली. मी आत शिरले, बॅग खाली ठेवली, तेवढ्यात ते खुर्चीतूनच म्हणाले, ‘पुट वुड इन टॉइल, लुव्ह.’

वुड म्हणजे लाकूड, ऑइल म्हणजे तेल. तेलात लाकूड घालू? मी शेगडीकडे पाहिलं, मग खिडकीपाशी काही डबाबिबा आहे का ते पाहिलं. शेवटी आजी हसत उठल्या आणि माझ्या पाठीमागं उघडं राहिलेलं दार लावून आल्या. त्यांचं म्हणणं तेवढंच होतं. भोकात लाकूड घाल, म्हणजे दार लाव. ‘होल’मधला ह गळून गेला, ‘ओ’चा ‘ऑइ’ झाला आणि ‘द’चा उरलासुरला ट पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला.

इथं यायच्या आधी आयईएल्टीएसच्या लिसनिंगमध्ये मला साडेआठ बँड होते. त्या परीक्षेत मला कुणी दार लावायला सांगितलं नव्हतं.

घरोघरी जाणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून या भागात मला नऊ वर्षं झाली. नोकरीला किंवा शिकायला लीड्स, शेफील्ड, ब्रॅडफर्ड, हल, बार्न्स्ली या बाजूला जे येणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचावं. माझा अनुभव असा की इथं शाळेत घोटलेल्या इंग्रजीपेक्षा आपली मराठी जास्त कामाला येते. बोलतानाची मराठी तर येतेच, शाळेत पाठ केलेले संधीसुद्धा येतात.

पहिला आठवडा: फक्त ‘उ’

सगळं एकदम ऐकायला गेलात तर डोकं उठेल. पहिला आठवडा एकाच स्वराला द्या.

क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत मोठे झालेल्यांना हा स्वर खरं तर आधीच माहीत आहे. जेफ्री बॉयकॉट ‘रबिश’ म्हणताना ‘रुबिश’ म्हणतात ना, तोच. बॉयकॉट वेकफील्डजवळच्या फिट्झविल्यम या खाणगावचे. त्यांच्या तोंडी जे ‘रुबिश’ तेच बस ड्रायव्हरच्या तोंडी ‘बुस’, कॅन्टीनमध्ये ‘कुप’, सोमवारी ‘मुंडे’ आणि दिवसभर ‘लुव्ह’. प्रमाण इंग्रजीत जिथं आपण ‘अ’ ऐकतो तिथं हे लोक ‘पुट’ आणि ‘बुक’मधला ‘उ’ म्हणतात. त्यामुळं ‘स्टड’ आणि ‘स्टुड’ यांच्यात इथं फरक उरत नाही.

ही चूक नाही, आणि ‘उ’ कुणी नव्यानं आणलेलाही नाही. जुन्या इंग्रजीत तोच होता. साधारण 17व्या शतकात दक्षिण इंग्लंडनं त्यातल्या बऱ्याच शब्दांत ‘अ’ आणला. उत्तरेनं आणला नाही, एवढंच. म्हणजे लंडनच्या माणसानं यॉर्कशायरच्या ‘बुस’ला हसणं म्हणजे नातवानं आजोबांना ‘तुमचं नाक माझ्यासारखं का नाही’ असं विचारणं.

सवय अशी लावा. अनोळखी शब्दात ‘उ’ आला की मनातल्या मनात तिथं ‘अ’ घालून बघा. ‘मुक’? मक, म्हणजे घाण. ‘टुम’? टम, पोट. शहराचं नाव ‘उल’? यात ह गळालाय, म्हणून हल. हडर्सफील्डचंही तसंच ‘उडर्सफील्ड’ होतं. शब्दाच्या सुरुवातीचा ह इथं पाहुण्यासारखा असतो, आला तर आला. ‘ऑस्पिटल’, ‘ओम’, ‘एड’. आपण बोलताना ‘नाही’चं ‘नाय’ करतोच, तेव्हा आपल्याला नाक मुरडायचा अधिकार नाही.

आ, ए, ओ

पुढचा स्वर ‘आ’. गंमत अशी की ‘बाथ’, ‘ग्रास’, ‘लाफ’ या शब्दांत दक्षिणेतला लांबलचक ‘आ’ इथं आखूड होतो, आणि ‘कॅट’, ‘बॅक’मधला ‘ॲ’सुद्धा त्याच आखूड ‘आ’वर येऊन बसतो. आपल्याकडं ‘आ’ दीर्घच, त्यामुळं तोंडाला त्याची सवय नाही. ‘काका’ म्हणताना तोंड उघडतं तेवढंच उघडा, पण वेळ ‘कप’मधल्या ‘अ’एवढाच द्या. तो हा स्वर. ‘वॉटर’सुद्धा जुन्या माणसांच्या तोंडी याच ‘आ’नं येतं, ‘मॅटर’शी यमक जुळेल असं. आजोबा ‘वाटर’ मागत असतील तर पाणी द्या.

लांब ‘आ’ मात्र भलतीकडेच सापडतो. ‘डाउन’चं ‘डान’, ‘अबाउट’चं ‘अबाट’, ‘आउट’चं ‘आट’. आणि ‘नाउ’चं ‘ना’! इथं मी पहिले दोन महिने मार खाल्ला. ‘आर यू रेडी?’ विचारलं की समोरून ‘आय’म रेडी ना’ यायचं आणि मी वाट बघत उभी राहायची. तो ‘ना’ आपला ‘ना’ नाही आणि इंग्रजीतला नकारही नाही. तो ‘आत्ता’ आहे. भेटल्यावरचं ‘ना देन’ हे ‘नाउ देन’ असतं, अर्थ ‘काय मग?’ त्यावर काही सांगायचं नसतं, उलट ‘ना देन’ म्हणायचं, की झालं.

‘ए’ आणि ‘ओ’ या दोन स्वरांत आपण जन्मतःच पास आहोत. दक्षिणेत ‘फेस’मधला ए घसरत ‘एइ’ होतो आणि ‘गो’मधला ओ ‘अउ’ होतो. इंग्रजीचे शिक्षक ते शिकवून शिकवून थकतात. यॉर्कशायरमध्ये दोन्ही सरळ, लांब, एका जागी उभे. आपण मराठी माणसं ‘नो’, ‘रोड’, ‘डे’ म्हणतो तसेच. माझ्या एका पेशंटनं मला विचारलं होतं की तू आधी बॅटलीला होतीस का. बॅटली हे लीड्सजवळचं गिरणीगाव. माझी ‘रोड’ त्याला तिथली वाटली.

हलला मात्र हे लागू नाही. तिथं ‘ओ’ पुढं सरकतो आणि ‘फोन कॉल’चं ‘फर्न कॉल’ ऐकू येतं, अर्थात र न उच्चारता. आणि ‘होल’चं ‘ऑइल’ हे पश्चिम आणि दक्षिण बाजूचं. ‘कोल’चंही तिथं ‘कॉइल’. कोळसा ठेवायच्या कोठीला आजोबा ‘कॉइल ऑइल’ म्हणतात, आणि ते ऐकून मी आता तेल शोधत नाही.

‘राइट’चं ‘रेट’ होतं, जरासं ‘रेय्ट’ म्हणा. त्याचा अर्थ ‘बरोबर’ असतोच, पण ‘खूप’ असाही असतो. ‘रेय्ट गुड’ म्हणजे फार छान. ‘मेक’ आणि ‘टेक’ आखडून ‘मेक्क’, ‘टेक्क’ होतात.

गिळलेला ‘द’

यॉर्कशायरची नक्कल करणारे लोक ‘द’च्या जागी ठसठशीत ट लावतात, ‘डाउन ट पब’. असं इथं कुणी बोलत नाही. व्यंजनापुढं तो ट ओठापर्यंत येतच नाही. घशात क्षणभर झडप पडते आणि उघडते. लहान मूल ‘नको’ म्हणताना ‘अँ-अँ’ करतं, तेव्हा दोन ‘अँ’च्या मध्ये घसा जसा बंद होतो, तस्सा. ‘आय’म गोइन डान [झडप] पुब.’ स्वरापुढं मात्र ट खरोखर ऐकू येतो, म्हणून ‘टॉइल’.

आपल्या मराठीत ‘द’सारखं काही नाहीच, त्यामुळं तो गळाला तरी आपल्याला चुकल्यासारखं वाटत नाही. पण अर्थ तिथंच लपलेला असतो. ‘इन बेड’ आणि ‘इन [झडप] बेड’ यात फरक आहे. दुसऱ्यात त्या अमुक पलंगावर, असं. ही झडप ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. युक्ती एकच, आधीच्या शब्दाचा शेवट ऐका. तो जरा तोडल्यासारखा, अचानक थांबल्यासारखा वाटला तर मध्ये ‘द’ आहे.

शाळेतली संधी आठवा

विपद् + काल = विपत्काल. क्षुध् + पिपासा = क्षुत्पिपासा. दहावीच्या पेपरात याचे गुण मिळवले की आपण हे विसरून जातो. पुढं कठोर व्यंजन आलं की मागचं मृदू व्यंजन कठोर होतं.

ब्रॅडफर्डला ब्रॅडफर्डची माणसं काय म्हणतात? ब्रॅटफर्ड. ड च्या पुढं फ आला, ड चा ट झाला. पाणिनीनं आखलेल्या रस्त्यावरून गाडी चाललीय. आणि हे एका नावापुरतं नाही, दोन शब्दांच्या सांध्यावरही होतं. माझ्या धंद्यात ‘बॅड फुट’ रोज ऐकू येतं आणि ते ‘बॅट फुट’ असं येतं. ‘बिग टो’ हा पायाचा अंगठा ‘बिक् टो’ होतो. ‘वाइड ट्राउझर्स’ म्हणाल तर लोकांना पांढरी पँट ऐकू येईल. लंडनच्या लोकांना हे कळायला वेळ लागतो. मराठी शाळेत शिकलेल्याला एकदा सांगितलं की पुरतं.

मला ही संधी सापडली त्या दिवशी मी खुशीत होते, आणि त्यात मग जोसेफ राइट सापडला. 1855 साली ब्रॅडफर्डजवळ जन्मला. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवगाडी हाकायला लागला, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या कापडगिरणीत. पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. पुढं याच माणसानं 1892 मध्ये आपल्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं, 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला, आणि ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या आधी त्या खुर्चीवर कोण होते? मॅक्स म्युलर. ऋग्वेद छापणारे, आपले मोक्षमुल्लर भट्ट. ब्रॅटफर्ड आणि विपत्काल यांची गाठ अशी एका खुर्चीवर पडते, यात माझं काही कर्तृत्व नाही, पण मला फार बरं वाटतं.

आकसलेले नकार झटकन सांगते. ‘डिडंट’चं ‘डिंट’. ‘वुडंट’चं ‘वुंट’. ‘शुडंट’चं ‘शुंट’. ‘इझंट’चं ‘इंट’. याच नियमानं ‘कुडंट’चं काय होतं ते तुमचं तुम्ही काढा. एका तोंडाळ नव्हे, चांगल्या चर्चला जाणाऱ्या आजींनी ‘मला पायरी चढता आली नाही’ हे त्या शब्दात सांगितलं तेव्हा मी गोरीमोरी झाले होते. दचकू नका, तो नियम आहे, शिवी नाही.

व्याकरण दुरुस्त करायला जाऊ नका

‘आय वर’, ‘शी वर’, ‘इट वर’. भूतकाळात सगळ्यांना ‘वर’, ‘वॉज’ला रजा. आपली शाळा आठवून हात शिवशिवतो. आवरा. ‘हॅड’ सगळ्या कर्त्यांना एकच चालतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही, इथं ‘वर’ही तसाच चालतो. ‘आय वर सॅट’ म्हणजे मी बसले होते, ‘शी वर स्टुड’ म्हणजे ती उभी होती. केस हिस्टरी घेताना हे महत्त्वाचं आहे. ‘आय वर स्टुड अट [झडप] सिंक’ असं आजी सांगत असतील तर त्यांना कुणी उभं केलं नव्हतं, त्या भांडी घासत आपल्या आपणच उभ्या होत्या.

‘माय’चं ‘मि’ होतं: ‘मि लेग’, ‘मि माम’. माम म्हणजे आई. ‘अस’चा उच्चार ‘उझ’, आणि तो एकट्या माणसालाही लागतो. ‘गी उझ अ अँड’ म्हणजे मला जरा हात दे. समोर माणूस एकच असतो, मागं कुणी लपलेलं नसतं. ‘आम्हाला कोण विचारतंय’ म्हणणारा मराठी माणूस एकटाच असतो, तसं.

मोजमापात अनेकवचन नाही. ‘फाइव्ह माइल’, ‘टेन पाउंड’, ‘थ्री वीक’. पाच मैल, तीन फूट, दोन किलो असं म्हणणाऱ्यांना हे शिकवायला नको.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे ‘आर’. स्पेलिंग ‘अवर’, उच्चार ‘आ’च्या जवळ. घरातल्या माणसाच्या नावामागं तो लावतात. ‘आर जीन’ मला सोडायला येईल, ‘आर केविन’चं लग्न ठरलंय. दक्षिणेकडून आलेली माझी एक सहकारी विचारायची, ‘आपली’ जीन म्हणजे? तुझी नि माझी कशी? तिला मी काय सांगणार. ‘आमची सुमी’, ‘आमचा बाळ्या’ म्हणणाऱ्या घरात वाढल्याशिवाय तो ‘आर’ कळत नाही. त्यात जीनवर हक्क सांगितलेला नसतो, आपण कुठल्या घरचे ते सांगितलेलं असतं.

दुसरी गोष्ट वाक्याच्या शेपटीची. ‘ही’ज बॅडली, इझ मि डॅड.’ आधी बातमी, मग ती कुणाची ते. पुस्तकी इंग्रजीत हे वाक्य उताणं पडल्यासारखं दिसतं. पण मराठीत म्हणून बघा: ‘आजारी आहेत हो, बाबा.’ ‘गार आहे हं, पाणी.’ आपण दिवसभर असंच बोलतो. जोर कशावर, जिव्हाळा कशाचा, हे त्या शेपटीनं कळतं. ‘शी’ज ग्रँड, इझ दॅट लास’ हे वाक्य नुसतं ‘ती मुलगी चांगली आहे’ एवढंच म्हणत नाही. ते ‘गुणाची आहे हो, पोर ती’ असं म्हणतं.

अरे-तुरे

प्रमाण इंग्रजीला ‘तू’ नाही. होता, तो गेला. सगळ्यांना ‘यू’, म्हणजे सगळ्यांना ‘तुम्ही’. पण बार्न्स्ली, शेफील्ड आणि आसपासच्या जुन्या माणसांच्या, विशेषतः पुरुषांच्या बोलण्यात तो ‘तू’ अजून टिकून आहे. कर्ता असेल तर ‘दा’, कर्म असेल तर ‘दी’, तुझा-तुझी-तुझं साठी ‘दि’, आणि स्वतःला म्हणायचं तर ‘दिसेन’. मी स्वतः असेन तर ‘मिसेन’, तो असेल तर ‘इसेन’. क्रियापद तृतीय पुरुषासारखं स घेतं, ‘दा नोझ’ म्हणजे तुला माहितीय. प्रश्नात क्रियापद आणि सर्वनाम एकमेकांत विरघळतात: ‘अस्टा?’ म्हणजे तुझ्याकडं आहे का, ‘विल्टा?’ म्हणजे करशील का.

शेफील्डकरांच्या तोंडी हा द ‘ड’कडं झुकतो, म्हणून बार्न्स्लीवाले त्यांना ‘डीडा’ म्हणून चिडवतात. आपल्या ड आणि द मध्ये सरळ फरक असल्यामुळं हे चिडवणं आपल्याला त्यांच्याहूनही नीट ऐकू येतं.

नियम आपल्याकडचेच आहेत. दोस्ताला दा, धाकट्याला दा, खाणीत बरोबर उतरलेल्याला दा. डॉक्टरला नाही, बॉसला नाही, आणि पूर्वी बापाला तर नाहीच. पोरानं चुकून मोठ्या माणसाला दा म्हटलं तर ऐकावं लागायचं: ‘डोंट दी दा मी. दी दा दिसेन, अन सी आ दा लाइक्स इट.’ मला अरे-तुरे करू नकोस, स्वतःलाच कर आणि बघ कसं वाटतं ते. यात ‘दा’ हे दोनदा क्रियापद आहे, एकदा सर्वनाम. इंग्रजीत हे समजावायला परिच्छेद लागतो. मराठीत ‘अरे-तुरे करणे’ तयारच आहे.

म्हणून तुम्हाला कुणी ‘दा’ म्हटलं तर राग मानू नका, आणि तुम्ही मात्र उलट म्हणू नका. माझ्या दार-लाव आजोबांनी मला सहा आठवडे ‘यू’ म्हटलं. शेवटच्या भेटीत काठी न घेता ते फाटकापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, ‘वॉट दा थिंक?’ कसं वाटतंय तुला? मी वहीत चालण्याचं अंतर लिहिलं. ‘दा’ कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्या फॉर्मवर नव्हतं.

गोत्यात आणणारे शब्द

‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘ओउट’ म्हणजे काहीही, ‘सुमट’ म्हणजे काहीतरी. हे पहिल्या दिवशीच लागतात. ‘अपन’ म्हणजे कदाचित. तो ‘हॅपन’ आहे, काही घडलेलं नाही. ‘नोबट’ म्हणजे फक्त. ‘गी ओवर’ म्हणजे पुरे, थांब. फिजिओथेरपिस्टला हा सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. अरुंद बोळाला ‘गिनल’ किंवा ‘स्निकेट’, रुसूबाईला ‘मार्डी’, थंडी सोसत नाही त्याला ‘नेश’. ओकारी नुसती येतेय पण होत नाही, त्याला ‘गिप्पिंग’. ‘गेट’ म्हणजे रस्ता, फाटक नव्हे: लीड्सचं ब्रिगेट, यॉर्कचं स्टोनगेट. हा व्हायकिंगांचा शब्द. त्यांनी 866 साली यॉर्क घेतलं आणि तेव्हापासून इथल्या रस्त्यांवर त्यांची पाटी आहे. बाय या शेपटीची जेवढी गावं दिसतील, ती बहुतेक त्यांचीच.

हे शब्द चुकले तर फार तर हसं होतं. पण पुढच्या चार शब्दांत मी खरोखर अडकले आहे.

‘डिनर’. इथं डिनर म्हणजे दुपारचं जेवण. संध्याकाळी असतो तो ‘टी’, आणि त्यात पोटभर जेवण येतं. एका आजोबांना मी सांगितलं, डिनर झालं की वीस मिनिटं चाला. मला संध्याकाळ म्हणायची होती, कारण गोळीचा असर तेव्हा असायचा. ते बिचारे आठवडाभर भर दुपारी ठणकत्या गुडघ्यानं चालले. आता मी जेवणाचं नाव घेतच नाही, घड्याळ सांगते.

‘वाइल’. इथं याचा अर्थ ‘पर्यंत’. ‘नाइन वाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. सहकाऱ्यानं निरोप ठेवला होता, ‘शी’ज इन वाइल टू.’ मी सव्वादोनला गेले, घराला कुलूप. रेल्वे फाटकावर ‘वेट वाइल लाइट्स फ्लॅश’ अशी पाटी लावली तर यॉर्कशायरचा माणूस दिवा लागेपर्यंत थांबेल आणि लागला की निघेल, असा विनोद इथं सांगतात. मला तो हसण्यासारखा वाटत नाही, मी सव्वादोनला कुलूप पाहिलंय.

‘स्टार्व्ड’. जुन्या माणसांच्या तोंडी याचा अर्थ भुकेलेला नाही, गारठलेला. मुळात या क्रियापदाचा अर्थ मरणं. दक्षिणेत ते भुकेनं मरायला लागले, उत्तरेत थंडीनं. बिस्किटं पुढं करू नका, हीटर लावा.

आणि चौथा, ‘मिडलिंग’. हा शब्द नीट शिका, कारण यावर माणसाची तब्येत अवलंबून असते. दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्या म्हटलं की इथला म्हातारा माणूस बुजतो. कसं आहे विचारलं तर ‘नॉट सो बॅड’ म्हणजे ठीक. ‘फेअर टु मिडलिन’ म्हणजे बरं. पण ‘नोबट मिडलिन’ आलं, म्हणजे ‘जेमतेम बरं’, की खुर्ची ओढून बसायचं. ‘बिट बॅडली’ म्हणजे थोडं आजारी, असं शब्दशः धरू नका; थोडं असतं तर सांगितलंच नसतं. मी एकदा ‘नोबट मिडलिन’ला तीन आकडा लिहून पुढं गेले होते. दुसऱ्या दिवशी कळलं, माकडहाडाला तडा होता. रडणं-ओरडणं ही इथली रीत नाही, जुन्या खाणवाल्यांची तर मुळीच नाही. त्यामुळं मी आता आकडा विचारतच नाही. ‘काल करता येत होतं आणि आज येत नाही असं काय?’ एवढंच विचारते, आणि खरं उत्तर येतं.

बोलायची का?

नका बोलू. निदान पहिली दोन वर्षं. मी उत्साहात ‘ए उप’, म्हणजे ‘काय, कसं काय’, असं म्हणून वॉर्डात शिरले होते. कुणी टर उडवली नाही, पण सगळे इतके प्रेमानं हसले की टर परवडली असती. बोली ही दुसऱ्याच्या घरातली चप्पल आहे. पायात सरकवून दाराबाहेर जाऊन येणं वेगळं, ती घालून फिरणं वेगळं. ‘टा’ म्हणजे थँक्यू, एवढं खुशाल वापरा. ‘लुव्ह’ मात्र ऐकायची सवय करा. बस ड्रायव्हर बाप्या असो, तुम्ही बाप्ये असा, तो तुम्हाला ‘लुव्ह’ म्हणेल. त्यात काही नसतं, ते आपल्या ‘राजा’, ‘बाळा’सारखं.

कान तयार करायला बीबीसी रेडिओ लीड्स किंवा रेडिओ शेफील्डवर सामन्यानंतर लोक फोन करून भांडतात ते ऐका. रागात माणूस प्रमाण भाषा विसरतो. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या पथकानं 1950 ते 1961 या काळात इंग्लंडभर 313 ठिकाणी म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन त्यांची बोली टिपून घेतली. त्यातली ध्वनिमुद्रणं मिळाली तर तीही ऐका, पण नंतर. सुरुवातीलाच ऐकलीत तर परतीचं तिकीट काढाल.

कळलं नाही तर ‘पार्डन’ म्हणू नका, समोरचा आवाज चढवून तेच पुन्हा म्हणतो. शेवटचा कळलेला शब्द प्रश्नासारखा परत करा. ‘टॉइल?’ असं मी त्या दिवशी म्हटलं असतं तर आजोबांनी दाराकडं बोट दाखवलं असतं. आणि एक, आपला ‘व’ त्यांनाही अडतो. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपण सारखंच म्हणतो. बनियन काढा म्हटल्यावर एक आजोबा खिडकीतून पश्चिमेकडं बघत बसले होते, तेव्हा फिट्टंफाट.

व्यायाम संपला, वही मिटली, आणि आजींनी ‘शाल आय मॅश?’ असं विचारलं, तर ते बटाट्यांबद्दल नाही. चहा टाकू का, असं विचारतायत. हो म्हणा.